तोंड उघडण्याआधीच धीर सुटतो

प्रश्न : माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. खानापूरहून रोज बेळगावला नोकरीसाठी जातो. कन्नड समजते, पण चारचौघांत बोलायची वेळ आली की घसा कोरडा पडतो. आत्मविश्वास कसा वाढवावा? – एक वाचक, खानापूर

उत्तर : आधी धीर येईल आणि मग बोलू, असे आपण धरून बसतो, प्रत्यक्षात क्रम उलटा असतो. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडले की, स्वतःच्या क्षमतेवरचा विश्वास सर्वाधिक वाढतो तो स्वतः काम पार पाडल्याच्या अनुभवातून. कोरड्या कौतुकाला तेवढे बळ नसते. म्हणून सवय लहान ठेवा. सकाळी चहाच्या टपरीवर पैसे देताना ‘एष्टु आयितु?’ (किती झाले?) एवढेच कन्नडमध्ये विचारा, आणि उत्तर न कळल्यास हसून पुन्हा विचारा. आठवडाभराने त्यात एका वाक्याची भर घाला. (तूप, अक्का, अण्णा हे शब्द आपण कन्नडशी वाटूनच वापरतो, तेव्हा परकेपणा वाटतो तितका नाही.) रात्री वहीत, कुठे अडलो यापेक्षा काय बोललो, ते लिहावे.

एकवीस दिवसांत सवय लागते, या समजावर मात्र विसंबू नका. लंडनमधील एका अभ्यासात सवय अंगवळणी पडायला १८ ते २५४ दिवस, सरासरी ६६ दिवस लागल्याचे आढळले; मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडलेही नाही. छातीत धडधडून दम कोंडत असेल, किंवा भीतीपायी रजा घ्यावी लागत असेल, तर समुपदेशकाला अवश्य भेटावे.