कमरेवर हात ठेवल्यावर लागतं तेच का पेल्विस?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. कमरेवर हात ठेवल्यावर जी कड लागते तेच पेल्विस का? आणि म्हातारं माणूस पडलं की जे 'कमरेचं हाड' मोडतं तेही हेच का? कड पेल्विसचीच आहे, पण ती फक्त त्याचा वरचा काठ. मोडणारं हाड मात्र बहुतेक वेळा दुसरंच असतं.

मी शरीररचना शिकवते. पहिल्या तासाला मुलांना स्वतःच्या तळहातांवर बसवून जरा डुलायला लावते. दोन टणक उंचवटे तळव्यात रुततात. ते पेल्विसचं बूड, इस्कियम. बसल्यावर वजन त्यांच्यावर येतं. मग हात कमरेच्या कडेवर. दोन्ही कडांच्या सर्वांत उंच जागा पाठीवरून जोडणारी रेघ मनात ओढली, तर ती साधारण चौथ्या कटीमणक्यावरून जाते. पाठीतून पाणी काढताना डॉक्टर हीच खूण धरतात. ही कड इलियमची. पुढे, ओटीपोटाच्या खाली मधोमध लागतं ते प्युबिस.

लहान मुलात ही तीन हाडं सुटी असतात आणि खुब्याच्या वाटीत कूर्चेने जोडलेली असतात. किशोरवयात ती एकजीव होतात. सगळा भार ज्या वाटीवर येतो, नेमका तिथेच हा सांधा! इतकी वर्षं शिकवूनही मला याचं नवल वाटतं.

डावीकडे-उजवीकडे अशी दोन हाडं, मागे पाच मणके जुळून झालेलं त्रिकास्थी आणि खाली माकडहाड, असं मिळून एक कडं होतं, तेच पेल्विस. बांगडी दाबली तर सहसा एकाच जागी तुटत नाही, तसंच याचं. एक्सरेत एक फट दिसली की दुसरी शोधायचीच. कधी ती हाडात नसते, सांधाच उघडलेला असतो. मोठ्या अपघातात आत खूप रक्त जातं, म्हणून कडं आवळून बांधतात. तो पट्टा खुब्यांच्या पातळीला हवा. बरेच जण कमरेवर बांधतात, त्याने कडं नीट मिटत नाही.

घरात घसरून पडलेल्यांचं मोडतं ते बहुधा मांडीच्या हाडाचं वरचं टोक, खुब्यालगतची मान. तिथे बहुतेकदा ऑपरेशन लागतं. प्युबिसची साधी चीर असेल तर बऱ्याचदा दुखणं आटोक्यात ठेवून हळूहळू चालवतात. म्हणून तुमच्या घरी कुणी पडलं असेल, तर डॉक्टरांना 'मांडीच्या हाडाची मान मोडली की पेल्विसचं कडं?' असंच विचारा.