सुट्टीवर गेल्यावर लोक अनोळखी माणसांपुढं श्रीमंतीचं सोंग का आणतात? असे फसवे लोक तुम्हाला भेटलेत का?

भेटलेत. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत तर हमखास भेटतात. मी कोल्हापुरात गुजरीतल्या एका सराफाकडं सतरा वर्षं काउंटरला आहे. अंबाबाईचं दर्शन झालं की बाहेरगावची माणसं महाद्वार रोडवरून आमच्याकडं वळतात. तुम्ही त्यांना सरसकट 'फसवे' म्हटलंय, ते मला पटलं नाही, म्हणून लिहितोय.

सोंग ओळखू येतं. खरा घेणारा आधी घडणावळ विचारतो, घरचं जुनं सोनं मोडीत घालायला घेऊन येतो, दागिन्यावरचा हॉलमार्कचा नंबर भिंगातून बघून घेतो. दुसरा आल्या आल्या म्हणतो, "सगळ्यात भारी काढा, पैशाचं बघू नका." आणि कोल्हापुरी साज, म्हणजे गळ्यातला पानापानांचा दागिना, बघताना "साज भरीव पाहिजे, पोकळ नको" असं कुणी म्हणालं की समजायचं, यानं साज आजवर कधी घेतलेला नाही. साजाची पानं पोकळच घडवतात, आत लाखेचं भरण असतं.

गेल्या मे महिन्यात एक जोडपं आलं, बरोबर दहा-अकरा वर्षांची मुलगी. खुर्चीवर टेकायच्या आधीच ते गृहस्थ म्हणाले, "आमचे दोन पेट्रोल पंप आहेत." मी काहीच विचारलं नव्हतं. बाई खाली बघत होत्या. मी पाणी दिलं आणि साज काढला. गळ्यात घालताना त्यांचं मंगळसूत्र बाजूला घ्यावं लागलं. त्यातली पोत तुटून एका ठिकाणी साध्या काळ्या दोऱ्यानं गाठ मारलेली होती. आरशात बघून त्यांनी पदर असा काही सारखा केला, की दोन मिनिटं मीही गप्प राहिलो.

पोरगी पानं मोजत होती. पारंपरिक साज एकवीस पानांचा असतो. दहा पानं दशावताराची, आठ अष्टमंगलाची, एक माणकाचं, एक पाचूचं आणि शेवटचं डोरलं. "हा मासा कशाला?" तिनं विचारलं. मी मत्स्यापासून सुरुवात करून दहाही अवतार सांगितले.

आकडा ऐकल्यावर गृहस्थ म्हणाले, "रोख चालेल ना?" तेव्हा मी नियम सांगितला. २०१७ पासून दोन लाख किंवा त्यावर रोख घेता येत नाही, चेक किंवा कार्ड लागतं. त्यांचा चेहरा मोकळा झाला. "चेकबुक घरी राहिलं बघा. पुढच्या खेपेला नक्की." हा नियम अशा वेळी मी मुद्दाम सांगतो. माणसाला बायको-पोरीदेखत मान खाली न घालता बाहेर पडायला वाट मिळते.

तुम्ही विचारलंय, का करतात? मला वाटतं, आम्ही दुकानदारांनीच ही सवय लावलीय. गिऱ्हाईक पायरी चढतंय तोवर आमची नजर त्याच्या चपलेवर जाते. एकदा आईला घेऊन मी परगावी एका साडीच्या दुकानात गेलो होतो. आईच्या अंगावर साधं सुती पातळ. तिनं बोट दाखवलेली साडी सेल्समननं फळीवरून खाली काढलीही नाही. "ती महाग आहे मावशी," एवढंच म्हणाला. आईनं हात मागं घेतला. पुढच्या दुकानात शिरताना मी सांगून टाकलं, "बंगल्याची वास्तुशांत आहे, चांगलं दाखवा." बंगला कुठला, आम्ही दोन खोल्यांत राहायचो. पण तिथं आईला बसायला गादी मिळाली, चहा आला. तिनं मनसोक्त साड्या बघितल्या. त्या खोट्याची मला आजही लाज वाटत नाही.

पैसे पाठवल्याचा खोटा स्क्रीनशॉट दाखवून माल उचलणारे वेगळे. त्यांना सरळ पोलिसांच्या ताब्यात द्यावं. पण जो काही नेत नाही, फक्त अर्धा तास मानानं बसून जातो, त्यानं कुणाचं काय लुटलं?

त्याच दिवशी दिवेलागणीला त्या बाई मुलीला घेऊन परत आल्या. चांदीची साधी जोडवी घेतली, पैसे रुमालातून मोजून दिले. पंपाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. मी सकाळसारखंच पाणी दिलं. पोरीनं साज परत बघायला मागितला, तो काढून तिच्यापुढं ठेवला. मत्स्य, कूर्म, वराह... एकेका पानावर बोट ठेवत तिनं दहाही नावं बिनचूक म्हणून दाखवली.