बाईच्या आधीचं विशेषण

प्रश्न : ताई, जानेवारी २०२४ मध्ये कांदोळीच्या सर्व्हिस अपार्टमेंटमध्ये चार वर्षांच्या मुलाचा जीव गेला आणि त्याच्या आईला अटक झाली. तेव्हा दिवसभर मोबाईलवर तिचे हसरे फोटो नि तिचं शिक्षणच फिरत होतं. माझी मुलगी म्हणाली, "बाप असता तर त्याच्या पदव्या कोणी काढल्या असत्या?" मला उत्तर सुचलं नाही.
– एक आई, डिचोली

उत्तर : लेकीनं नेमक्या जागी बोट ठेवलंय. पणजीत एका दैनिकाच्या डेस्कवर मी बावीस वर्षं बातम्या लावल्या. पुरुषानं मारलं की आम्ही कारण शोधायचो : दारू, जमिनीचा वाद, कर्ज. बाईनं मारलं की बाईच शोधायचो. नोकरी काय करते, नवऱ्याशी पटत होतं का, फोटोत कपडे कसले. 'निर्दयी माता' हा मथळा मीही दिलाय, आरोपपत्र दाखल होण्याआधी. तो अजून सलतो.

त्यात कातडीचा रंग आला की बाई आणखीच हरवते. किनाऱ्यावर अमली पदार्थांसह पकडलेली एक युगांडाची बाई आमच्या पानावर 'नायजेरियन महिला' म्हणून छापली गेली. दुरुस्ती दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर, दोन ओळींत. म्हापशाच्या बाईला आम्ही कधी 'गोमंतकीय महिला' म्हटलं नाही, 'महिला' पुरायचं.

इटलीतल्या पेरुजा शहरात २००७ साली एका ब्रिटिश विद्यार्थिनीचा खून झाला. संशय तिच्यासोबत राहणाऱ्या अमेरिकन अमांडा नॉक्सवर आला. फुटबॉल खेळताना लहानपणी पडलेलं तिचं 'फॉक्सी नॉक्सी' हे टोपणनाव वृत्तपत्रांनी उचललं आणि त्याला भलताच अर्थ चिकटवला. २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तिला खुनातून निर्दोष सोडलं, तरी ते नाव सुटलं नाही. पण त्याच प्रकरणात, चौकशीत तिनं घेतलेल्या नावावरून, काँगोहून आलेला एक निरपराध बारमालक दोन आठवडे तुरुंगात होता. त्याच्यावर खोटा आळ घेतल्याबद्दल तिला झालेली शिक्षा कायम राहिली. तिचा चेहरा जगाला पाठ आहे, त्याचा किती जणांना आठवतो?

लेकीला एक करायला सांगा. अशी बातमी आली की 'महिला'च्या आधीचे शब्द बोटानं झाका आणि उरलेलं वाचा. काय घडलं, आरोप कोणाचा, खटला कुठवर आला, एवढं त्यात सापडलं नाही, तर ती पुढे पाठवू नका. गटात कोणी विचारलंच, तर तिनं तुम्हाला विचारलेला प्रश्न तिथंही विचारा.