स्टेडियमखालचा गाळा आणि मागचे पाच फूट

प्रश्न : महापालिकेच्या स्टेडियमखाली, गॅलरीच्या पायऱ्यांच्या पोटात वडिलांपासून आमचा सायकल दुरुस्तीचा गाळा आहे. करारात क्षेत्रफळ २२० चौरस फूट. स्टेडियमच्या पुनर्विकासासाठी मोजणी झाली, पत्रकात १५.७९ चौरस मीटर लिहिलंय. नवा गाळा तेवढाच मिळेल म्हणतात. सही करू का?

उत्तर : आहे तशी सही अजिबात करू नका. १५.७९ ला १०.७६४ ने गुणलं की १७० चौरस फूट येतात. पन्नास गेले कुठे, ते तुम्ही सोबत पाठवलेल्या आकृतीत दिसतं. गाळा १० फूट रुंद, २२ फूट खोल. मागच्या पाच फुटांत छत पायऱ्यांबरोबर उतरत जातं आणि मोजणाऱ्याने टेप माणूस ताठ उभा राहू शकतो तिथेच थांबवलाय. पण टायर-ट्यूब तुम्ही तिथेच रचता, आणि भाडं पूर्ण २२० चं भरत आलात. हा मुद्दा मला फार वजनदार वाटतो. जुन्या पावत्या जपा.

जागा महापालिकेची असल्याने १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा तुमच्या मदतीला येणार नाही. भिस्त करारावर आणि पुनर्वसनाच्या ठरावावर. ठरावाची व मोजणी नकाशाची प्रत माहिती अधिकारात मागा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ठरावात चटई क्षेत्र (भिंतींच्या आतली वापरायची जागा) म्हटलंय की बांधकाम क्षेत्र (भिंतींसह), ते नीट वाचा. रेराच्या (स्थावर मालमत्ता नियमन कायद्याच्या) व्याख्येत चटई क्षेत्रातून बाहेरच्या भिंती वगळतात, आतल्या पार्टिशन भिंती धरतात. छताच्या उंचीची अट तिथे नाही. ती व्याख्या तुमच्या जुन्या गाळ्याला थेट लागू नाही, तरी जुना आणि नवा गाळा एकाच मापाने मोजा, असा आग्रह तिच्या आधारे धरता येतो.

करारातले २२० भिंतींसह असतील तर मात्र तुमचाही आकडा थोडा खाली येईल. म्हणून परवानाधारक इंजिनिअरकडून प्लास्टर ते प्लास्टर मोजून घ्या. विनापरवानगी टाकलेला पोटमाळा त्यात घुसडू नका, खऱ्या मागणीवरही संशय येतो.

सही करावीच लागली तर वर स्वतःच्या हाताने लिहा : ‘मागील ५ फूट मोजलेले नाहीत, क्षेत्रफळ अमान्य, हरकत राखून सही.’ फोटो काढा. हरकत लेखी देऊन आवक शिक्क्याची पोच घ्या. महापालिका अधिनियमाच्या कलम ८१ब खाली निष्कासनाची (जागा खाली करण्याची) नोटीस आली तर मुदतीतच उत्तर द्या, आणि नव्या गाळ्याचं क्षेत्रफळ आकड्यात लिहिलेला कागद हाती आल्याशिवाय तोंडी शब्दावर किल्ली देऊ नका.