आम्ही जोरात पळतो, तरी फास्ट ब्रेकला बास्केट का होत नाही?

तुम्ही लिहिलंय की तुमची बास्केटबॉलची टीम फिट आहे, फास्ट ब्रेकला, म्हणजे बॉल मिळाल्यावर समोरचे मागे पोचायच्या आत बास्केट करायला, सगळे सुसाट सुटतात, पण स्कोअर व्हायच्या आधीच बॉल हातातून जातो. अहो कॉलेजात आमचं पण सेम हेच होतं. मी गार्ड खेळायचो, म्हणजे बॉल पुढे नेणारा, रिबाउंड झाला (हुकलेल्या शॉटचा बॉल आमच्या हातात आला) की आमच्या उंच पोराच्या अगदी अंगावर जाऊन उभा राहायचो, तो बॉल हातात द्यायचा आणि मग मी तिथून ड्रिबल करत निघायचो, तोपर्यंत समोरचे तिघं मागे पोचून पाणी पिऊन आलेले असायचे!

घोळ पळण्यात नसतो, पहिल्या पासमध्ये असतो. रिबाउंड घेणाऱ्याने खाली येता येताच साइडलाइनकडे वळायचं, बॉल हनुवटीपाशी धरायचा, कमरेपर्यंत आणला की कुणीतरी थाप मारतोच. गार्डने साधारण फ्री थ्रो लाइनच्या (बास्केटसमोरची, फ्री शॉट मारतात ती रेघ) लेव्हलला, साइडलाइनकडे पाठ करून थांबायचं, म्हणजे येणारा बॉल पण दिसतो आणि पुढचं कोर्ट पण. 28 मीटरचं कोर्ट पळायला चारेक सेकंद जातात, पास त्याच्या कितीतरी आधी पोचतो.

दुसरं म्हणजे विंगवाले, दोन्ही कडांनी पुढे पळणारे. त्यांना सांगा साइडलाइनला चिकटून पळा, बॉल बघत बघत सगळे मधे घुसले की एकटा डिफेंडर पण तिघांना पुरतो.

आणि आपले दोघं आणि समोर एकच डिफेंडर असेल तर तो अंगावर येईपर्यंत पास सोडायचा नाही, पण बॉल मिळालेल्याने मग सरळ बास्केटकडे वर जायचं. 2016 च्या एनबीए (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) फायनलची सातवी मॅच बघा, गोल्डन स्टेट आणि क्लीव्हलँड, स्कोअर 89-89, दोन मिनिटंही उरली नव्हती, गोल्डन स्टेटच्या इग्वादलाने रिबाउंड घेऊन आपल्याच करीला दिला, करीने बाउन्स पास परत दिला, समोर क्लीव्हलँडचा एकटा जे आर स्मिथ. त्याला चुकवायला इग्वादलाने हवेत बॉल जरासा खाली घेऊन परत वर नेला आणि तेवढ्यात मागून पळत आलेल्या क्लीव्हलँडच्या लेब्रॉनने तो बॅकबोर्डवर (बास्केटमागच्या फळीवर) चेपला. क्लीव्हलँड 93-89 ने जिंकली.

आमच्या सरांनी महिनाभर प्रॅक्टिसला ड्रिबलच बंद केला होता, तिघांनी फक्त पास करत पलीकडे जायचं. पहिला आठवडा बॉल कोर्टपेक्षा गटारात जास्त होता, पण नंतर जमलं.

तुमच्याकडे रिबाउंड कोण घेतो आणि तो कुठल्या बाजूला वळतो ते लिहा, मग अजून सांगता येईल.