अंदमानला पहिल्यांदा जाताय? मग हे वाचा

नील बेटावर सकाळी जाऊन संध्याकाळी परत, असा बेत नका करू. एक रात्र राहाच. तिथला नैसर्गिक दगडी पूल ओहोटीलाच नीट बघता येतो, म्हणून हॉटेलात भरती-ओहोटीची वेळ विचारून मगच रिक्षा ठरवा. खडकांतल्या डबक्यांत खेकडे, समुद्रकाकड्या, रंगीत मासे अगदी पायाशी दिसतात. प्रवाळावर पाय देऊ नका, आणि चपला घट्ट पकडीच्या हव्यात. शेवाळावरून सर्रकन घसरायला होतं.

डिसेंबरात सूर्य पाचच्या सुमारास मावळतो, तेव्हा हॅवलॉक बेटावरचा राधानगर किनारा साडेतीनपर्यंत गाठा. बाराटांग बेटाच्या वाटेवर जारवा आदिवासींचे फोटो काढायला कायद्याने बंदी आहे. ती मनापासून पाळा. सेल्युलर जेल घाईत उरकू नका. सावरकरांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर आहे, आजी-आजोबा सोबत असतील तर जिने चढायला सवड ठेवा.