रोज खिशात ठेवायचा घडीचा चाकू: शेतकामासाठी कोणता आणि का

भाऊ, तुम्ही काम नेमकं लिहिलंत म्हणून उत्तर देणं सोपं झालं. यावलकडे केळी आणि थोडी कपाशी, रोज खिशात राहील असा घडीचा चाकू हवा, त्यानं दोरी, खताच्या गोण्या, ठिबकची नळी आणि डब्यासोबतचा कांदा-काकडी कापायची. जुना चाकू डुगडुगतो, धार टिकत नाही. विचारलंय असं की स्टील कोणतं, लॉक हवं का, पातं किती मोठं, आणि बाळगला तर कायद्याची अडचण येईल का.

आधी घडीच्या चाकूकडून कोणती कामं घ्यायची नाहीत ते ठरवा. केळीची वाळलेली पानं उतरवणं, पिलं काढणं, घड तोडणं हे विळ्या-कोयत्याचं काम. घडीच्या चाकूच्या मधोमध खिळा असतो आणि सगळा जोर त्या एका खिळ्यावर येतो. त्यानं डबे उचकटायचे नाहीत, पाठीवर ठोकायचं नाही, पिरगळायचं नाही. जुने चाकू डुगडुगतात ते बहुतेक याच कामांमुळे. ही कामं वगळली की जाड, लष्करी दिसणाऱ्या पात्याची गरजच संपते.

माझं ठाम मत असं की पातं पातळ घ्या. चार मिलिमीटर जाडीचं पातं हातात भारी वाटतं, पण त्यानं काकडी कापली जात नाही, फाटते. कांदा अर्ध्यावर जाऊन कडकन दुभंगतो. धार कितीही तेज असली तरी धारेच्या लगेच मागचं लोखंड जाड असेल तर पातं पाचरीसारखं अडतं. रोजच्या कामाला पाठीवर दीड ते तीन मिमी जाडी पुरे, आणि तिथून धारेपर्यंत उतार सलग हवा. दुकानात एक गोष्ट करून बघा. पातं चिमटीत धरून पाठीकडून धारेकडे बोटं सरकवा, धारेवर बोट न टेकवता. जाडी हळूहळू कमी होत गेली तर चांगलं. शेवटपर्यंत जाड राहून अगदी कडेला एकदम उतरली तर तो चाकू ठेवून द्या. भरताची वांगी भाजण्याआधी टोकानं चीर पाडून बघितली तरी हा फरक कळतो: पातळ पातं सालीतून आवाज न करता आत जातं, जाड पातं आधी साल दाबतं आणि मग फाडतं.

लांबी साडेसात ते साडेआठ सेंटिमीटर. मूठ उघड्या चाकूत चारही बोटं बसतील एवढी, म्हणजे साधारण दहा-अकरा सेंमी. दातेरी धार नको. नायलॉन दोरीवर ती पटकन चालते हे खरं, पण घरच्या सपाट दगडावर तिला धार लागत नाही, आणि बोथट झाली की चाकूच बाद. साध्या धारेला खरबरीत दगडाचा हात दिला तर तीही दोरी तेवढ्याच सहज कापते.

आता स्टील. यात लोक सगळ्यात जास्त फसतात. पात्यावर नुसतं ‘स्टेनलेस’ किंवा ‘४४०’ कोरलेलं असेल तर त्यातून फार काही कळत नाही. ४४० मध्ये ए, बी, सी असे प्रकार आहेत, त्यात कार्बन वेगवेगळा आणि धार टिकण्याची ताकदही वेगळी. शिवाय स्टील कोणतंही असो, त्याला दिलेलं पाणी, म्हणजे तापवून थंड करण्याची प्रक्रिया, नीट नसेल तर नावाला अर्थ उरत नाही. कडकपणा रॉकवेल सी मापात सांगतात. ५५-५६ असेल तर धार लवकर वळते, पण दगडावर दहा मिनिटांत परत येते. ६०-६१ असेल तर धार जास्त टिकते, पण खडा लागला की बारीक टवका उडतो आणि परत आणायला वेळ लागतो.

तुमच्या कामाला तीन गट पुरतात. पहिला साधं कार्बन स्टील: दगडावर चटकन धार घेतं, कापतं सुंदर, पण क्रोमियम जवळजवळ नसल्यामुळे गंजतं. केळीचा चीक लागला की काळं पडतं. तो काळा थर बिघाड नाही, उलट थोडं संरक्षण देतो. लाल गंज मात्र लगेच काढायचा. दुसरा गट १२सी२७, १४सी२८एन, ८सीआर१३एमओव्ही यांसारखी स्टेनलेस, ज्यांत १३-१४ टक्के क्रोमियम असतं. माझी शिफारस याच गटाची. तिसरा डी२. त्याची जाहिरात फार होते. धार खरोखर टिकते, पण ते पूर्ण स्टेनलेस नाही, पावसाळ्यात ठिपके धरतं, आणि त्यातले कण इतके कठीण असतात की साध्या दगडावर धार लावताना हात दुखून येतो. हिऱ्याची पट्टी असेल तरच घ्या. स्वस्तात मिळणाऱ्या ‘दमास्कस’ नक्षीच्या नादी लागू नका, ती बऱ्याचदा ॲसिड किंवा लेझरनं वरवर काढलेली असते.

तुमच्याकडे गंजाचं खरं कारण पाऊस नाही, खत आहे. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचा भाऊच. त्याची गोणी फाडून चाकू तसाच मिटला की पूड खाचेत राहते, रात्री दमट हवेत ओल धरते आणि स्टेनलेसलाही सुईच्या टोकाएवढे खड्डे पाडते. असे खड्डे धारेवर आले की तेवढं लोखंड घासून काढण्याशिवाय उपाय नाही. म्हणून गोणी शक्यतो कापूच नये. शिलाईच्या दोऱ्याचं योग्य टोक पकडून ओढलं की अख्खी शिवण सुटते आणि गोणी पुढे वापरताही येते. कापावीच लागली तर पातं लगेच पाण्यानं धुऊन पुसा.

लॉकबद्दल. फळ, दोरी, नळी हे धार पुढे ढकलायचं काम आहे, त्याला लॉक नसलेला, नुसत्या पाठच्या स्प्रिंगवर उभा राहणारा चाकू चालतो. टोक खुपसायचं काम असेल तर लॉक हवं, नाहीतर पातं बोटांवर मिटतं. लॉकमध्ये फिरत्या कडीचं लॉक आणि पाठीवर दाबायचं बॅक लॉक हे धुळीत सगळ्यात कमी कुरकुर करतात. लायनर लॉकमध्ये मुठीच्या आतली पातळ पट्टी सरकून पात्याच्या बुडाखाली बसते. चाकू पूर्ण उघडल्यावर पट्टी पात्याच्या बुडाच्या पाव ते निम्म्या रुंदीवर यावी. जेमतेम कडेला टेकत असेल तर निसटेल, आणि नव्या चाकूतच पार पलीकडे पोचली असेल तर झिजायला जागा उरलेली नाही. तो मिटताना अंगठा पट्टीवर असतो, म्हणजे पात्याच्या वाटेतच. पट्टी सुटून पातं थोडं हललं की अंगठा आधी बाजूला, मग मिटायचं.

बिजागरीत बॉल बेअरिंग असलेले चाकू एका बोटानं फटकन उघडतात आणि म्हणून आवडतात. काळ्या मातीच्या धुळीत ते चार आठवड्यांत खरखरू लागतात. तुम्ही ब्राँझ किंवा नायलॉनच्या वॉशरचा घ्या. बटण दाबून उघडणारा मुळीच नको. एक म्हणजे त्यावर शंका घेतली जाते, दुसरं म्हणजे स्प्रिंगमध्ये धूळ गेली की अडकतो.

नावं विचारली होतीत, म्हणून दोन सांगतो. एक ओपिनेल नंबर ८: फ्रान्समधला, १८९० पासूनचा, पातं साडेआठ सेंमी आणि अगदी पातळ. कार्बन आणि स्टेनलेस दोन्ही मिळतात, तुम्ही स्टेनलेस घ्या. त्याची फिरती कडी १९५५ ची आहे, ती वळवली की पातं पक्कं. दोष एकच, मूठ लाकडाची. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि पातं निघता निघत नाही; नखानं ओढत बसू नका, कडी मोकळी करून मुठीचा मागचा भाग लाकडावर हलकेच आपटा, पाठ बाहेर येते. मेमध्ये पारा ४५ ला गेला की तेच लाकूड आकसून पातं सैल होतं. नव्या चाकूच्या सांध्यात जवसाचं तेल दोन-तीनदा मुरवून प्रत्येक वेळी दोन दिवस वाळू दिलं तर हा त्रास बराच कमी होतो. तेलाचं फडकं मात्र बोळा करून टाकू नका, जवसाचं तेल वाळताना तापतं आणि असं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ते पसरून वाळवा.

दुसरा व्हिक्टोरिनॉक्सचा फार्मर: मिटलेला ९३ मिमीचा, म्हणजे वर सांगितलेल्या मापापेक्षा थोडा आखूड, खरबरीत ॲल्युमिनियमची मूठ, एक मोठं पातं, एक करवत, टोच्या आणि डबा उघडणी. पात्याला लॉक नाही, कडकपणा ५५-५६ च्या आसपास, त्यामुळे धार आठवड्याला लावावी लागेल, पण लागतेही झटपट. धातूची मूठ ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये उन्हात राहिली तर हात भाजतो, एवढं लक्षात ठेवा. तुमच्या यादीला मी हाच पहिला सुचवीन. कारण पाण्यात धुतला तरी बिघडत नाही, आणि गोण शिवायला, दोरीची गाठ सोडवायला टोच्या रोज कामी येतो.

रंग लाल किंवा नारिंगी मिळाला तर तोच. काळ्या मातीत काळा चाकू आणि केळीच्या पाचोळ्यात तपकिरी चाकू एकदा पडला की सापडत नाही. फार्मर चंदेरी असतो, त्याच्या कडीत वीतभर लाल दोरी बांधा.

घेताना एवढं तपासा. चाकू उघडून पात्याचं टोक हलक्या हातानं डावी-उजवीकडे आणि मग खाली-वर हलवा. डावी-उजवी किंचित लवचीक वाटलं तर चालेल, खाली-वर टकटक झाली तर नको. मिटलेला चाकू उजेडासमोर धरा, पातं दोन्ही भिंतींच्या मधोमध दिसलं पाहिजे. धार थेट दिव्याखाली धरून बघा: तेज धार चमकत नाही, जिथे पांढरी रेघ चमकते तिथे ती बोथट आहे. मिटल्यावर धारेचा एखादा बिंदू आतल्या स्प्रिंगवर आपटत असेल तर तिथे रोज खाच पडत राहील. ऑनलाइन घेतला तर हे सगळं परत करण्याच्या मुदतीत, एकही वस्तू न कापता करा.

धारेचं मोजमाप सोपं आहे. पातं २० मिमी रुंद असेल तर पाठ दगडापासून सात मिमी वर ठेवली की कोन साधारण २० अंश होतो. सात मिमी म्हणजे एका पेन्सिलीची जाडी. पेन्सिल पाठीखाली धरून कोन डोळ्यांत बसवा, मग काढून घ्या. धारेवर मार्करनं रेघ मारा. दोन फेऱ्यांत रंग अगदी कडेपर्यंत गेला तर कोन बरोबर, अगदी कडेलाच रंग उरला तर पाठ जास्त खाली आहे. हार्डवेअरच्या दुकानात दोन बाजूंचा दगड मिळतो. तो ओला करून आधी खरबरीत बाजूवर एकाच अंगानं घासत राहा, जोवर उलट अंगाला बुडापासून टोकापर्यंत नखाला अडकणारी बारीक कोर येत नाही. धार लागत नाही म्हणणारे बहुतेक जण ही कोर येण्याआधीच पातं उलटतात. मग दुसरं अंग, मग बारीक बाजू, जोर कमी करत शेवटी एकेक फेरी आलटून पालटून. जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर पाठीच्या दिशेनं वीस हात ओढले की उरलेली कोर जाते. टोमॅटोची साल दाब न देता कापली गेली म्हणजे झालं.

सायकलवर चाक फिरवून धार लावणाऱ्याकडे हा चाकू देऊ नका. कोरड्या चाकावर पातळ धार क्षणात तापते, निळी पडली की तिथलं पाणी उतरलेलं असतं, मग कितीही घासा.

देखभाल फार नाही. आठवड्यातून एकदा सांध्यातली रुई-धूळ काडीनं काढा. कपाशीच्या दिवसांत खिशातला तंतू तेलात मिसळून खाचेत नमदा बसतो आणि पातं पूर्ण मिटत नाही. साबणाच्या कोमट पाण्यात दहा वेळा उघड-मीट, नीट वाळवणं, मग सांध्यात तेलाचा एक थेंब. शेंगदाण्याचं किंवा सरकीचं तेल काही दिवसांत चिकट होतं, खोबरेल थंडीत गोठतं. खाण्याच्या चाकूला औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन उत्तम.

कायद्याचं असं. शस्त्र नियम २०१६ मध्ये शस्त्र म्हणून जे चाकू धरले आहेत ते ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे, आणि त्यातूनही घरगुती व शेतीच्या कामासाठी बनवलेले वगळले आहेत. तुमचं पातं साडेतीन इंचांच्या आत, तेव्हा शेतात आणि घरी काळजी नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली सण, निवडणूक, मोर्चे यांच्या काळात मनाईचे आदेश निघतात, त्यात चाकूही येतो. म्हणून सारंगखेड्याच्या यात्रेला, सभेला, कोर्टात, तहसीलमध्ये जाताना तो घरी ठेवा. विमानात हातातल्या बॅगेत चालत नाही.

जुना चाकू टाकू नका. खिळा रिबिटाचा असेल तर त्याचं एक डोकं ऐरणीवर टेकवून दुसऱ्यावर छोट्या हातोडीनं हलके तीन-चार ठोके द्या, प्रत्येक ठोक्याला उघडून बघा. जास्त आवळला तर तेल घालून उघड-मीट करत सैल करा. स्क्रू असेल तर काढून निळ्या थ्रेडलॉकरचा, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा, अगदी छोटा थेंब लावून परत आवळा, वॉशरवर तो जाऊ देऊ नका. हा चाकू फक्त कीटकनाशकाची पाकिटं आणि खताच्या गोण्यांसाठी ठेवा. औषधाचं पाकीट फाडलेलं पातं नुसतं पुसून काकडीला लावणं धोक्याचं आहे, कारण सांध्यात उरलेलं औषध पुढच्या वेळी ओलाव्याबरोबर बाहेर येतं. मुठीला पिवळी चिकटपट्टी गुंडाळा आणि तो फवारणी पंपाशेजारीच खिळ्याला टांगा. खिशात फक्त नवा.